मोसंबीचा भुगा

आप्पा, आज मोसंबीचा भुगा जमला. तिसऱ्या खेपेला जमला. आधीचे दोन का फसले ते तुम्हाला सांगायचं आहे, कारण त्यातलं कळणारं दुसरं माणूस माझ्याजवळ उरलेलं नाही. आमच्या ह्यांना सांगून बघितलं. ते मन लावून ऐकतात, पण त्यांच्या लेखी बर्फ म्हणजे बर्फ. मोसंबीचा रस नुसता गोठवून ठेवला की त्याची लादी होते, आणि गोठता गोठता दर थोड्या वेळानं खरवडला की त्याचा भुगा होतो, जो जिभेवर ठेवला की विरघळून नुसता वास मागं राहतो, हा फरक मी त्यांना दोनदा समजावला. दुसऱ्या वेळी ते म्हणाले, "म्हणजे गोळाच की." मग मी विषय सोडून दिला.

तुम्ही गेलात त्याला सत्तावीस वर्षं झाली. मी आता एकोणपन्नासची आहे. तुमच्याच हट्टानं बीएस्सी झाले आणि नोकरी लागली ती पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत, तिथंच अजून आहे. सध्या रजेवर आहे. फेब्रुवारीत माझ्या छातीत गाठ निघाली. ऑपरेशन झालं, गाठ काढली, आणि आता दर एकवीस दिवसांनी दवाखान्यात जाऊन सलाइनमधून औषध घ्यायचं असतं. असे सहा डोस आहेत, त्यातले तीन झाले. केस गेले, त्याचं मला फारसं वाटलं नाही. वाटलं ते चवीचं. तिसऱ्या डोसनंतर तोंडात कायम लोखंडाची चव राहायला लागली, नळाची तोटी चोखावी तशी. भाकरी लोखंडाची, वरण लोखंडाचं, चहासुद्धा. घास तोंडात फिरत राहायचा आणि खाली जायचा नाही. वजन उतरायला लागलं. डॉक्टर तरुण आहेत, पण गोड बोलून फसवत नाहीत. त्यांनी सरळ सांगितलं, की वजन असंच उतरत राहिलं तर चौथा डोस पुढं ढकलावा लागेल, आणि ढकललेलं चांगलं नसतं. त्या दिवशी घरी येताना रिक्षात मी ठरवलं, डोस पुढं जाऊ द्यायचा नाही. काय खाल्लं तर खाली जाईल याचा विचार करत बसले, आणि सात रस्त्याच्या सिग्नलला, उन्हानं डांबर मऊ झालेलं असताना, मला तुमचा अॅल्युमिनियमचा डबा आठवला.

त्या डब्याची आम्ही दोघं भावंडं किती वाट बघायचो. तुमची पाळी तीनला सुटायची. एप्रिल-मे महिन्यात त्या वेळी रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही, पत्रे तापून तडतडतात, आणि आम्ही दाराच्या उंबऱ्यावर ओलं फडकं टाकून त्यावर पाय ठेवून बसलेलो. तुमची सायकल वळणावर दिसते. कॅरिअरला गोणपाटात गुंडाळलेला डबा, त्यातून पाणी टपकत आलेलं. तुम्ही घाई करत नाही. आधी सायकल सावलीला लावता, हातपाय धुता, कपाळाला विभूती लावता, आणि मग गोणपाट सोडवता. आतला भुगा पांढुरका हिरवा, ओल्या रेतीसारखा. आई चार वाट्या मांडते. पहिला चमचा तोंडात घातला की कानामागं कळ यायची आणि तुम्ही म्हणायचा, "हळू. पळून चाललंय व्हय कुटं?"

तुम्ही तो तुमच्या बर्फाच्या कारखान्यातच करायचात. सकाळी जाताना चार मोसंबी आणि एक लिंबू पिशवीत असायचं. लिंबाची हिरवी साल साखरेवर घासायची, म्हणजे साखरेला त्याचं तेल लागतं. ती साखर घोटभर उकळलेल्या पाण्यात विरघळवायची. मोसंबी हातानं पिळायची, बी चिरडू द्यायची नाही, पांढरं सालपट रसात येऊ द्यायचं नाही, चिमूटभर मीठ घालायचं आणि रस जराही थांबवून न ठेवता डब्यात भरायचा. डब्याला तार बांधून तो लाद्या गोठवायच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत सोडायचा, आणि कामाच्या फेऱ्यांत मध्ये मध्ये वर काढून खरवडायचा. हे तुम्ही कधी शिकवलं नाहीत. आईला सांगताना मी ऐकलेलं आहे. आई दर वेळी म्हणायची, एवढा खटाटोप करण्यापेक्षा बर्फाचा तुकडा आणा की, सरबतात टाकू. तुम्ही एकदाही आणला नाहीत.

का आणत नाही, ते मला चौथीत असताना कळलं. शाळेजवळ बर्फाची हातगाडी उलटली होती, लादी फुटून रस्त्यावर विखुरली होती, आणि आम्ही सगळ्या पोरींनी तुकडे उचलून चोखले. ते घरी कळलं. तुम्ही मारलं नाहीत. मला चूळ भरायला लावलीत आणि दुसऱ्या दिवशी सायकलवर बसवून कारखान्यात नेलंत. मी तिथं त्याआधी कधी गेले नव्हते. बाहेर आग पडलेली, आणि आत दारातच अंगावर काटा आला. डोळ्यांना झोंबणारा अमोनिया गॅसचा वास होता. पायाखाली लाकडाच्या फळ्या, फळ्यांखाली खारं पाणी, आणि त्यात गळ्यापर्यंत बुडवून ठेवलेले पत्र्याचे उंच डबे. तुम्ही एक फळी उचलून मला आत बघायला लावलंत. मग मागच्या अंगाला नेऊन ती विहीर दाखवलीत, जिचं पाणी त्या डब्यांत भरलं जायचं. पाण्यावर हिरवा तवंग होता आणि कडेला एक चप्पल तरंगत होती. तुम्ही म्हणालात, "ही लादी माशाला हाय, गार पाण्याच्या पिंपाला भायेरनं लावायला हाय, आन् मढ्याला हाय. माणसाच्या तोंडाला न्हाय. पानी कुटलं ते इचारल्याबगर काय तोंडात घालायचं न्हाय." मी तुमच्याकडं बघितलं नाही, त्या चपलेकडंच बघत राहिले. आज माझ्या हाताखाली दिवसाला वीस-वीस बाटल्या पाणी येतं, आणि नव्या मुलींना मी हे सांगत नाही, पण मला ती चप्पल दिसते.

मी सातवीत असताना तो अपघात झाला. गॅसच्या पाइपाचं पॅकिंग उडालं. तुम्ही दाराजवळच होता, सहज बाहेर पडला असता. पण टाकीवर दोघं जण लाद्या काढत होते आणि त्यांना वाट दिसत नव्हती, म्हणून तुम्ही तोंडाला ओलं फडकं बांधून आत गेलात आणि झडप बंद केलीत. त्या दोघांना खोकल्यापलीकडं काही झालं नाही. तुमचे डोळे वाचले, पण घसा आणि छाती भाजली. सरकारी दवाखान्यातून तुम्ही महिन्यानं घरी आलात तेव्हा तुमचा आवाज गेला होता. जे उरलं होतं ते कागद चुरगाळल्यासारखं होतं. अजून महिनाभरानं डॉक्टर म्हणाले, घसा भरून आलाय, आता तिखट आणि गरम सोडून काय हवं ते द्या. पण तुम्हाला काहीच नको असायचं. आई भात दुधात कालवून समोर ठेवायची आणि तासाभरानं तसाच उचलायची. तुमचे दंड माझ्या दंडाएवढे झाले होते. एके दिवशी आईनं तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "भुगा असता तर खाल्लो असतो."

मी त्याच सकाळी निघाले. तुमची सायकल मला उंच होती, मी ती हातात धरून चालवत नेली. कारखान्यात मी कोणाची मुलगी ते सगळ्यांना माहीत होतं. टाकीवरच्या त्या दोघांपैकी एकानं पाव लादी कॅरिअरला बांधून दिली, वर भुसा घातला, गोणपाट आवळलं आणि पाठ फिरवली. तो रडत होता हे मला खूप उशिरा, मोठी झाल्यावर लक्षात आलं. घरी येईपर्यंत लादी निम्मी झाली होती. मी ती गोणपाटातच बत्त्यानं फोडली, बादलीत बर्फाचा थर, खडेमिठाचा थर, असं करत मध्ये डबा पुरला. ही लादी कोणाच्या तोंडात जाणार नव्हती, ती डब्याच्या बाहेर राहणार होती, हे मी आईला बजावून सांगितलं. दुपारभर डबा काढून खरवडत राहिले. हाताला मीठ लागून भेगा पडल्या. चारच्या सुमाराला भुगा तयार झाला, अगदी तुमच्यासारखा दिसणारा. वाटी भरून तुमच्यापुढं धरली.

तुम्ही एक चमचा घेतलात, आणि थांबलात. वाटी खाली ठेवलीत. म्हणालात, "खारट झालंय. परत कर."

आईला ते सहन झालं नाही. ती म्हणाली, "लेकरू सकाळपास्नं राबतंय. ग्वाड हाय म्हणायला काय झालं?" मला तर हुंदकाच फुटला. मी तुमच्यावर ओरडले, की मला येणार नाही, मी पुन्हा करणार नाही, तुम्ही उपाशीच राहा. बापाशी असं बोलायची आमच्या घरात कुणाची छाती नव्हती. तुम्ही रागावला नाहीत. पाण्याचा घोट घेतलात, घसा ओला केलात, आणि मध्ये मध्ये थांबत बोललात. ते वाक्य पूर्ण व्हायला किती वेळ लागला असेल, मला ते फार लांब आठवतं. "मी आज चांगलं म्हणलो, तर तू उद्याबी खारटच करशील. बादलीतलं पाणी झाकणातनं आत जातंय. झाकणाच्या कडंला कणीक लाव."

मी त्या रात्री जेवले नाही. पण सकाळी पुन्हा सायकल काढली. त्या दिवशी तुम्ही खाटेवर बसून सगळं बघत होतात. मी झाकणाच्या कडेला घट्ट कणीक थापली, दर वेळी काढून पुन्हा थापली, आणि बादलीतलं वितळलेलं पाणी ओतून देत राहिले, म्हणजे ते झाकणापर्यंत चढू नये. हे ओतून द्यायचं माझं मला सुचलं होतं आणि तुम्ही ते बघून मान हलवलीत. भुगा झाला. तुम्ही पहिला चमचा घेतलात, दुसरा घेतलात, आणि मी तुमच्या गळ्याकडं बघत राहिले, घोट खाली जाताना हाड वरखाली होतं तिकडं. वाटी संपली. चांगलं झालंय असं तुम्ही म्हणाला नाहीत. आजीशी बोलायचात त्या कानडीत "साकु" म्हणालात, पुरे, आणि आईला म्हणालात, आता थोडा भात दे. आई आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. शेवटी भात मीच आणला.

त्यानंतर तुम्ही नऊ वर्षं जगलात. कारखान्यात परत जाता आलं नाही, चादरीच्या दुकानात बसायला लागलात, गिऱ्हाइकाशी बोलायला दुसरा माणूस असायचा आणि तुम्ही घड्या घालायचात. मी बारावी झाले तेव्हा तुम्ही मला पत्र्याची एक खरवडणी दिलीत, स्वतः कानशीनं घासून दातरे पाडलेली, मुठीला सुतळी गुंडाळलेली. मैत्रिणींना घड्याळं मिळाली होती. मी ती खरवडणी ट्रंकेत टाकली आणि तुमच्यासमोर तोंड वाकडं केलं.

आता या आठवड्याचं सांगते. डॉक्टरांना मी आधी विचारून घेतलं. ते म्हणाले, तोंडात फोड नाहीत तोवर चालेल, फळं नीट धुऊन घ्या, पाणी उकळलेलं वापरा, आणि बाहेरचा बर्फ अजिबात नको. मी म्हणाले, बाहेरच्या बर्फाचं मला लहानपणापासून माहीत आहे. ह्यांनी बाजारातून मोसंबी आणली. पहिल्या दिवशी माझ्या डाव्या हाताला सुईची सूज होती, म्हणून रस काढायचं त्यांच्यावर सोपवलं. त्यांनी सोललेली मोसंबी सरळ मिक्सरमध्ये फिरवली, बिया, पांढऱ्या सालीसकट. चांगल्या मनानंच, मला लवकर मिळावं म्हणून. भुगा झाला, पण कडू जहर. ते वाटी हातात घेऊन माझ्या तोंडाकडं बघत उभे होते. मला क्षणभर वाटलं, गोड आहे म्हणावं. मी म्हणाले, "कडू झालंय. उद्या मी पिळते." त्यांचा चेहरा उतरला, तो मला बघवला नाही. पण दुसऱ्या दिवशी दुपारी ते समोर स्टूल घेऊन बसले आणि म्हणाले, बघू, कसं पिळतात ते.

त्या दिवशी रस मीच काढला, एकेक फोड सोलून, फडक्यात घालून, थांबत थांबत. दोन मोसंब्यांनंतर दम लागायचा, मग भिंतीला टेकायचं, मग पुढची दोन. रस छान झाला. ताटलीत ओतून फ्रीजरमध्ये ठेवला, अर्ध्या तासानं पहिल्यांदा खरवडला, कडेला बारीक बर्फ धरला होता. आणि लाइट गेली. तुम्हाला वाटेल, इतक्या वर्षांत सुधारणा झाली असेल. अडीच तास लाइट नव्हती. आली तेव्हा ताटलीत वितळलेलं सरबत होतं आणि थांबून राहिल्यानं रस कडवट झाला होता. उकाड्यानं डोक्याचा रुमाल भिजला होता. ह्यांनी विचारलं, सोडून देऊ या का, डॉक्टरांना दुसरं काही विचारू. मी नाही म्हणाले. एवढं जोरात म्हणाले की ते दचकले.

आज पहाटे साडेपाचला उठले. त्या वेळी लाइट जात नाही, एवढं मी चार दिवसांत हेरून ठेवलं होतं. साखरेवर लिंबाची साल ह्यांनी घासली, मोसंबी आम्ही दोघांनी मिळून पिळली, त्यांना आता बी चुकवता येते. ट्रंकेच्या तळातून तुमची खरवडणी काढून उकळत्या पाण्यातून घेतली होती. मुठीची सुतळी केव्हाच कुजून गेली, तिथं मी नवी गुंडाळली. अर्ध्या अर्ध्या तासानं पाच वेळा खरवडलं. नऊ वाजता वाटी भरली. जिभेवर ठेवला आणि आधी नुसतं गार लागलं, काहीच चव नाही, मला धडकी भरली. मग लिंबाच्या सालीचा वास नाकात चढला, मग आंबट, आणि सगळ्यात शेवटी, अगदी पुसट, गोड. आप्पा, लोखंड नव्हतं. वाटी संपेपर्यंत नव्हतं, आणि नंतरही काही मिनिटं नव्हतं. तेवढ्या मिनिटांत मी अर्धी भाकरी ताकात कुस्करून खाल्ली. ह्यांनी उरलेला भुगा झाकून फ्रीजरमध्ये ठेवला आणि दुपारच्या जेवणाआधी पुन्हा वाटी पुढं केली. दुपारी परत अर्धी भाकरी गेली.

डोस सोमवारी आहे. त्याआधी वजन करतील. चार दिवस आहेत, म्हणजे आठ जेवणं. मी पहाटे उठणार आहे आणि रोज करणार आहे. एखाद्या दिवशी फसेल, तर पुन्हा करणार. चौथा डोस वेळेवर झाला पाहिजे, मग पाचवा, मग सहावा. तुमच्यासारखं आत जाऊन मी झडप बंद केलेली नाही, मला फक्त खायचं आहे, आणि तेवढं मला जमेल असं आज वाटतंय.

हे कागद मी घडी घालून ठेवणार आहे, ते जाणार कुठंच नाहीत. पण एक गोष्ट तुम्हाला सांगून टाकते. आई अकलूजला भावाकडं असते. आता पंचाहत्तरची आहे. रोज संध्याकाळी फोन करते आणि माझा आवाज का बसलाय ते विचारते, आणि मी उन्हाळ्यावर ढकलते. भावालाही शपथ घातली आहे. फेब्रुवारीपासून तिला कुणी काही सांगितलेलं नाही. काल ती म्हणाली, रविवारी येते, लई दिवस झाले तुला बघून. मी ये म्हणाले. फोन ठेवल्यावर आरशात बघून रुमाल तीन-चार तऱ्हांनी बांधून बघितला.